चौथा इस्क्रू

(द्वारकाबाई, खामगाव. त्या बोलल्या तसं उतरवून घेतलेलं.)

माहं गाव म्हनसान तं हेच, खामगाव, पन आमी काही गावातले नाई भाऊ, गावाभाईरचे. जलंबच्या रस्त्यानं निंगालं का डाव्या अंगाले दोन लिंबाचे झाडं आनि विहीर दिसते, तो आमचा मळा, तथीच माहा जलम. जातीनं माळी, हात सदा मातीत. वांगे, मेथी, सांबार, म्हंजे तुमची ते कोथिंबीर हो, हिवाळ्यात मुळे, उन्हाळ्यात काकड्या. बाबा मोटेवर, माय डालं घेऊन बाजारात, आनि मी मायच्या मांगं मांगं दुसरं डालं डोक्यावर घेऊन, आठ वर्साची होती तवापासून. मले बोलाची लय खोड हाय, पैलेच सांगून ठेवते, मधात रोकू नका, रोकलं का मी पुन्हा मळ्यापासून सुरू करीन.

सातवी पास झाली मी. आमच्या घरात पैली. बाबाले त्याचं एवढं कौतुक, एवढं कौतुक का गिऱ्हाईक वांगे पाहाले आलं का बाबा म्हने, हे वांगे पाहा, आनि हे आमची द्वारका, सातवी पास! मले लाज ये, गिऱ्हाईकाले हसू ये. त्याच गिऱ्हाईकात एक होते मास्तर. टायपिंगचा क्लास होता त्याईचा, एका कापडाच्या दुकानाच्या वरते, टिनाच्या खाली. बारीक मानूस, पांढरा सदरा, बोलनं कमी. मास्तर बाबाले म्हने, माळीबुवा, महाराष्ट्र झाला आता, कचेऱ्यात मराठी येऊन राह्यली, आनि मराठी टायपिंग येनारं मानूस दिवा घेऊन शोधलं तरी सापडत नाई, पोरीले पाठवा. बाबा म्हने, हे काम पोरीच्या हातून होईन काय हो? मास्तर म्हने, मेथीची जुडी किती झटकन बांधते हे, पाह्यलं ना मी, असेच बोटं लागतात. झालं, बाबानं दुसऱ्याच दिवशी मले नेऊन बसवलं, संग मास्तरसाठी वांगे.

अव माय, ते मशीन! काय सांगू तुमाले! मी तं पाहातच राह्यली. काळीभोर, जड, आनि बोट दाबलं का आतून एक काडी उठे आनि कागदावर अक्षर, टक! पुन्हा दाबलं, टक! आनि वरचा तो गाडा, ज्याच्यात कागद लावतात ना, तो दर अक्षराले एक पाऊल सरके, आनि ओळ सरली का घंटी वाजे, टिंग. बाकीच्या पोराईले टायपिंग शिकाचं होतं, मले त्या मशीनच्या पोटात काय हाय ते पाहाचं होतं. मी वाकून वाकून पाहो, मास्तर म्हने, द्वारका, डोये कागदावर. मी म्हनो, हो जी, आनि पुन्हा वाको.

क्लासात पाच मशीनी होत्या, पन चार इंग्रजी आनि एकच मराठी. हे नीट ध्यानात घ्या भाऊ, एकच मराठी. आनि तवा मराठी मशीनीचं असं होतं का सगळ्याईचे अक्षरं एका जागी नव्हते. एका कंपनीच्या मशीनवर क अथी, तं दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर क भलतीकडंच. म्हंजे तुमी ज्या मशीनवर शिकले त्याच मशीनवर परीक्षा देऊ शकता, दुसरी देली तं आंधळ्यावानी चाचपडत बसा. म्हनून रीतच होती, परीक्षेच्या आदल्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या क्लासाची मशीन परीक्षेच्या शाळेत नेऊन ठेवाची, नावाची चिठ्ठी लावून. पाच वाजता खोलीले कुलूप. पाचनंतर आनली तं घेत नसत, कितीबी पाया पडा.

त्या मराठी मशीनवर आमी दोघं. मी, आनि गुलाबराव. गुलाबराव कचेरीत चपराशी होते, चाळिशीचा मानूस, मिशा ह्या एवढ्या, बोटं भेंडीवानी जाड. सकायी ते बसत, डुटीवर जायाच्या आंदी, मंग मी. दोन खेपा नापास झाले होते बिचारे. आनि त्या वर्सी त्याईच्या साहेबानं सांगतलं होतं, गुलाबराव, मराठी टायपिस्टची जागा खाली हाय, तू हे परीक्षा पास हो, जागा तुही, नाई झाला तं भाईरून मानूस येईन आनि तू जलमभर घंटी वाजली का पळत राह्य. तो मानूस ते गोष्ट रोज सांगे. रोज! म्हने, द्वारके, एकदा मले खुर्चीवर बसाचं हाय, उभं राहून राहून पाय गेले माहे. मी म्हनो, काका, बसानच तुमी.

आता ऐका, अथीच माही अक्कल चराले गेली होती.

परीक्षेले वीसेक दिवस होते. मास्तर लग्नाले गेले अकोल्याले, जाता जाता मले म्हने, द्वारका, मराठी मशीनच्या गाड्याखाली मांगच्या पट्टीत एक थेंब तेल सोडून ठेवजो. मी तं खुशीनं फुगली. एवढ्या पोराईतून मले सांगतलं! शिशी पाह्यली तं रिकामी. मशीनच्या तेलाची शिशी, बारीक नळीची, तिच्यात एक थेंब नाई. आता कोनाले इचारावं? मी काय केलं असन? घरून जवसाचं तेल आनलं. हसू नका! आमच्या घरी सगळ्याले तेच तेल हो. चटनीवर तेच, भाकरीवर तेच, दाराच्या कडीले तेच, विहिरीवरच्या चाकालेबी तेच. आजी म्हने, जवसानं मानसाचे सांधे मोकळे राह्यतात. मी म्हटलं, मानसाच्या सांध्याले बरं तं मशीनच्या सांध्याले वाईट कसं होईन? आनि एक थेंब कोन टाकते, मी चांगलं वाटीभर ओतलं. चोळलं. फडक्यानं पुसलं. मनात म्हटलं, पी बाई, पोटभर पी.

आनि भाऊ, दोन दिवस ते मशीन अशी पळाली, अशी पळाली का गुलाबराव म्हने, द्वारके, काय जादू केली वं? मी म्हटलं, काही नाई काका, थोडं तेल. मास्तर आले, त्याईलेबी काही वाटलं नाई. मंग उन्हाळ्याचं ऊन, वरते टिन, आनि जवसाचा गुन तुमाले माहीत नसन, तो उघडा राह्यला का वाळते, वाळला का डिंक होते. सुतार लोक तेच तं लाकडाले लावतात. पन मले कोनं सांगतलं होतं? आठ दिवसानं गाडा जड झाला. मास्तर म्हने धूळ असन. दहाव्या दिवशी घंटीपर्यंत जायेना. आमी हातानं ढकलू ढकलू टायपिंग केली. आनि परीक्षेच्या आदल्या दिवशी सकायी गुलाबरावानं पैलं अक्षर मारलं आनि गाडा जो बसला तो बसलाच, हालेना का डुलेना.

मले खरं कवा समजलं सांगू? त्याच सकायी. घरी चटनीवर तेल घ्यासाठी डबा उघडला, तं डब्याच्या काठाले पिवळं पिवळं, नख लावलं तं निंगेना, दगडावानी. भाकर तशीच ठेवली आनि पळत सुटली, पायात चप्पल नाई. वर चढली तं गुलाबराव खिडकीपाशी डोकं धरून बसलेले आनि मास्तर मशीन उलटी करून पेचकस, ते इस्क्रू फिरवाचं हत्यार, घेऊन बसलेले. मी तोंड उघडलं, सांगाले. पन गुलाबरावाचा चेहरा पाह्यला आनि जीभच उचलेना.

गाडा सोडवाचा तं मांगची पट्टी काढा लागे आनि पट्टीले चार इस्क्रू. तीन निंगाले. मास्तरनं कपाळ पुसलं, चौथ्याले पेचकस लावला, जोर केला, आनि सटकन निसटला. पुन्हा लावला, पुन्हा निसटला. मास्तरचा हात तसाबी थरथरे. तिसऱ्या खेपेले कर्र आवाज आला आनि खाचच गेली. म्हंजे इस्क्रूच्या डोक्यावर जे चीर राह्यते ना पेचकस धराले, तेच झिजून गुळगुळीत. आता पेचकस नुसता वरते फिरे, इस्क्रू आपल्या जागी मजेत. मशीन उघडेना आनि बंदबी होयेना.

गुलाबराव खाली पळाले, सायकलवाल्याले घेऊन आले. तो आला हातोडी आनि छन्नी घेऊन! म्हने, एका घावात उडवतो मास्तर. मास्तर मशीनवर असे आडवे पडले, म्हने, बीडाच्या लोखंडाची हाय रे बाबा, घाव बसला तं मशीन फुटन, सरक मांगं. मंग रॉकेल ओतलं, वाट पाह्यली, पुन्हा पेचकस, काही नाई. दुसऱ्या क्लासाची मराठी मशीन मांगून आनावं तं अक्षरं निराळे. बारा वाजले. गुलाबराव म्हने, माहं नशीबच खोटं मास्तर. आनि एवढा मिशाळ मानूस, डोयात पानी.

मले ते पाहावेना. आनि त्याच घडीले, कुठून आलं देव जाने, मनात आलं, मायच्या कानातल्या फुलाची फिरकी अशीच अडकली होती, तवा सोनारबुवानं काढली होती. केवढा बारीक पेच तो, मोहरीएवढा, तोबी काढला. मी म्हटलं, मास्तर, सोनाराकडं नेऊ. मास्तर म्हने, मशीन? सोनाराकडं? मी म्हटलं, हो जी, चांदीच्या बाजारात, अथून किती दूर हाय! हातगाडी पाहाले गेलं असतं तं घंटा गेला असता. मी ओढनीची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, म्हटलं, काका, उचला, ठेवा माह्या डोक्यावर. गुलाबराव म्हने, पागल झाली काय वं, मान मोडन. मी म्हटलं, वांग्याचं डालं याच्याऊन जड राह्यते, ठेवा!

तं असं आमचं वरातीवानी निंगालं. मी समोर, डोक्यावर टायपिंगची मशीन, मांगं गुलाबराव दोन्ही हात पसरून, म्हंजे पडली तं झेलाले, त्याच्या मांगं मास्तर, खिशात तीन इस्क्रू घट्ट धरून. बाजारातल्या बाया म्हनत, अवं द्वारके, हे काय इकाले आनलं आज? मी म्हटलं, लिवनारं वांगं! हसली मी, पन पाय थांबवले नाई. गाड्यातून रॉकेल माह्या केसात गळे.

सोनारबुवा म्हातारे, गादीवर बसलेले, समोर जोडव्याची जोडी. मशीन पाहून म्हने, माह्या दुकानात लोखंड आनतं? मास्तरनं हात जोडले, सगळं सांगतलं, पाच वाजता कुलूप लागते म्हने. बुवानं मशीन फिरवली, भिंग लावलं, पाह्यलं, बोट फिरवलं, म्हने, निंगन. नवी खाच पाडू. पन पैले पाहू, हा कशानं धरून बसला हाय. फुंकनीची ज्योत लावली तं रॉकेल पेटन, म्हनून आंदी सगळं फडक्यानं कोरडं केलं, आनि एक लोखंडी सळई शेगडीत लाल केली, तिचं टोक इस्क्रूच्या डोक्यावर टेकवलं.

आनि वास सुटला.

भाऊ, तो वास! आमच्या सैपाकघराचा वास, सोनाराच्या दुकानात. बुवानं नाक वर केलं, दोनदा हुंगलं, म्हने, जवस. मास्तर, मशीनले जवसाचं तेल कोनं पाजलं? गुलाबराव म्हने, जवस? बुवा म्हने, हो, जवस, वाळून डिंक झाला, म्हनून बसला गाडा. मास्तरनं माह्याकडं पाह्यलं. एकदाच. एवढंच पाह्यलं. आनि म्हने, म्या टाकलं. शिशी रिकामी होती, चूक झाली माही.

गुलाबराव असे उसळले का काय सांगू. म्हने, मास्तर! तुमी? शिकलेलं मानूस? माह्या पोटावर पाय देला तुमी! जे तोंडात आलं ते बोलले, त्याईले काय माहीत. मास्तर खाली पाहून उभे. आनि मी? मी बोलली नाई. तथी उभी राह्यली आनि बोलली नाई. आजबी ते आठवलं का मले माहा राग येते.

बुवा म्हने, भांडन मंग, आता खाच पाडा. मले मोतीबिंदू हाय, चांदीवर अंदाजानं चालते, अथी एक केस इकडं तिकडं झाला तं डोकं तुटन आनि मंग कोनाचा बाप काढू शकत नाई. ज्याचा हात हालत नाई त्यानं बसावं. मास्तरनं आपला हात पाह्यला, थरथरून राह्यला होता. गुलाबरावाचे बोटं तं सांगतलेच तुमाले. मास्तर म्हने, द्वारका, बस.

मी बसली. सोनाराची करवत म्हंजे केसावानी पातं, जराशी वाकडी झाली का तुटली. पैलं पातं चौथ्या घासाले तुटलं, टच. बुवा म्हने, दाबू नको, नुसती ओढ. दुसरं पातं लावलं. तेबी तुटलं. बुवानं डबी उलटी केली, म्हने, हे शेवटचं. आता पाहा, गुलाबराव दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले, पाठ करून, पाहाले हिंमतच नाई त्याईची. मी श्वास सोडला, आनि मेथीची काडी ओढतो ना आपन मुळासकट, तुटू न देता, हलकीच, तशी करवत ओढाले लागली. ओढ, उचल. ओढ, उचल. लोखंडाचा भुगा बारीक, काळा, फुंकर मारू मारू. किती येळ गेला माहीत नाई, मान आखडली, घाम डोयात गेला, आनि बुवानं भिंगातून पाह्यलं, नख फिरवलं, म्हने, पडली! खाच पडली!

मंग बुवानं पेचकसाचं टोक दगडावर घासलं, खाचीत अस्सं बसन एवढं, ना ढिलं ना घट्ट. म्हने, आता सळई तू धर एका हातानं, दुसऱ्यानं पेचकस तयार ठेव, डिंक गरमच असताना फिरवाचा हाय, थंड झाला का पुन्हा धरन. आनि ऐक, पैले उलटा नको फिरवू, पैले जरासा घट्ट कर, केसभर, मंग सोड. मी सळई टेकवली. वास पुन्हा. सळईवरून हात घसरला आनि हे बोट, हे पाहा, उजव्या हाताचं पैलं बोट, चर्र झालं. मी सोडली नाई! मास्तर म्हने द्वारका बोट! मी म्हटलं, बोट राहू द्या! सळई बाजूले टाकली, पेचकस खाचीत बसवला, वरून तळहातानं दाबला, केसभर घट्ट, आनि मंग डाव्या अंगाले.

कर्र.

फिरला. इस्क्रू फिरला भाऊ! पेचकस नाई, इस्क्रू फिरला, माह्या हाताले समजलं ते, असं मनगटापर्यंत समजलं. अर्धा फेर, पुन्हा अर्धा, मंग बोटानंच निंगाला आनि माह्या तळहातावर पडला, गरम, वाकड्या खाचीचा, इवलासा. मी अशी किंचाळली का समोरच्या दुकानातले लोक उठून आले, कोन मेलं म्हने. गुलाबराव पायरीवरून पळत आले, इस्क्रू पाह्यला, आनि त्या रागावल्या मानसानं माहं डोकं दोन्ही हातात धरलं. बुवा म्हने, नाचान मंग, पट्टी पुसा, चार वाजून गेले!

पट्टी काढली, डिंक खरडला, रॉकेलनं धुतला, पुन्हा चारी इस्क्रू लावले, तोच वाकडा चौथाबी, गाडा ढकलला, टिंग! तसंच चुंबळ, तसंच डोक्यावर, आनि या खेपेले आमी पळालो. शाळेचे एक गुरुजी खोलीले कुलूप लावून राह्यले होते, त्याईनं घड्याळ पाह्यलं, माह्या डोक्यावर पाह्यलं, म्हने, ठेवा, ठेवा लवकर.

दुसऱ्या दिवशी पैल्या पाळीत मी, दुसऱ्या पाळीत गुलाबराव. मशीन पान्यावानी चालली. पन माहं बोट भाऊ, फोड आलेला, दर अक्षराले कळ मस्तकात. निम्मा कागद कोरा राह्यला. दोन महिन्यानं निकाल आला, गुलाबराव पास, मी नापास. रडली मी, खोटं काऊन सांगू, मळ्यात वांग्याच्या वाफ्यात बसून रडली. बाबा म्हने, पुढच्या खेपेले. मी म्हटलं, हो.

पन त्या रडन्याच्या आतमधात दुसरंच होतं. त्या दोन महिन्यात गुलाबरावानं गावभर करून टाकलं, चहाच्या दुकानात, कचेरीत, का मास्तरनं मशीनले चटनी चारली. लोकाईले काय, मजाच. जवस मास्तर नाव पडलं. पोरं जिन्यात उभे राहून हुंगत, म्हनत, भाकर आनू काय? तिघंचौघं दुसऱ्या क्लासाले गेले. मास्तर मुकाट्यानं शिकवत. आनि मी रोज त्याईच्या समोर बसो, रोज मनात म्हनो आज सांगीन, आनि न सांगताच घरी येओ.

मंग एक दिवस गुलाबराव स्वतः आले मळ्यात, कोट घातलेला! टायपिस्ट झाले ना! म्हने, द्वारके, चाल, कचेरीतली मशीन अडकली, एका इस्क्रूची खाच गेली, साहेबाले म्या सांगतलं का अशी एक पोरगी हाय गावात. मी गेली. बुवाची करवत मांगून घेतली आनि गेली. कचेरीत सगळे बाबू जमले तमाशा पाहाले. गुलाबराव खुर्चीवर बसलेले, त्याईच्या खुर्चीवर, आनि मोठ्यानं म्हने, हे पोरगी नसती तं त्या जवस मास्तरानं मले बुडवलंच होतं! सगळे हसले.

माह्या हातातली करवत मी टेबलावर ठेवली. म्हटलं, मास्तरनं नाई टाकलं, म्या टाकलं. कोनाले आंदी समजलंच नाई. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, जवसाचं तेल म्या टाकलं, वाटीभर, घरून आनून. मास्तर खोटं बोलले माह्यासाठी. आता तुमाले मले हाकलाचं असन तं हाकला.

गुलाबरावाचा चेहरा आंदी लाल, मंग पांढरा. उठले, टोपी घातली. मले वाटलं, आता मारतात का काय. म्हने, मशीन मंग पाहू, चाल. भर दुपारी, डुटी सोडून, तो मानूस समोर आनि मी मांगं, सरळ क्लासात. मास्तर पोराईले शिकवून राह्यले होते. गुलाबराव, तो कोट घातलेला मानूस, सगळ्या पोराईसमोर मास्तरच्या पायावर वाकले. मास्तर म्हने, अहो उठा, पोराईचा स्पीड तुटून राह्यला. एवढंच! बाकी काहीच नाई! मंग त्या दिवसापासून गुलाबराव ज्या ज्या टपरीवर बोलले होते, त्या त्या टपरीवर जाऊन सांगून आले का म्या चुकलो. हेबी मोठ्या मनाचं काम हाय, सगळ्याईले नाई जमत. सांजच्याले परत जाऊन कचेरीतली मशीन म्या उघडून देली.

त्याले आता बारा-तेरा वर्सं झाले. परीक्षा मी पुन्हा देलीच नाई. टायपिंग मले अजूनबी सुमारच येते, पन चिखली घ्या, मेहकर घ्या, मलकापूर, शेगाव, कुठल्याबी कचेरीत मशीन अडकली का म्हनतात, खामगावच्या बाईले बोलवा. यष्टीत बसते, पिशवीत पेचकस, करवत, भिंग. लग्न झालं, मालक मळा पाह्यतात, त्याईले माह्यापेक्षा चांगले वांगे येतात. परवा एका कचेरीतून चिठ्ठी आली, वर लिवलं होतं, श्री. द्वारका मेकॅनिक! मी एवढी हसली! गेली तं शिपाई म्हने, बाई, मेकॅनिक कुठी हाय? म्हटलं, हे काय, तुह्यासमोर.

सोनारबुवा गेले. गुलाबराव हायत, हेडक्लार्क झाले. मास्तर हायत, थकले आता, पन क्लास चालू हाय. इतक्या वर्सात म्या त्याईले कधी इचारलं नव्हतं, हिंमत नव्हती. गेल्या महिन्यात त्याईच्या मशीनी साफ कराले गेली, आमी दोघंच होतो, म्हटलं, मास्तर, त्या दिवशी तुमी काऊन खोटं बोलले हो? मले झाकाले? मास्तरनं चष्मा काढला, पुसला. म्हने, झाकाले नाई वं द्वारका. पाच वाजता कुलूप लागनार होतं, आनि त्या दुकानात न थरथरनारा हात एकच होता, तुहा. तुले रडवून तो थरथरवला असता, तं गुलाबरावाले काय उत्तर देलं असतं म्या?

असं मानूस! तुमी सांगा, असं मानूस कुठी मिळते? देव त्याईले शंभर वर्सं देवो. आनि भाऊ, तुमी हे सगळं कागदावर घेऊन राह्यले ना, तं एक काम करा, बाकीचं कमीजास्त झालं तरी चालन, पन तेल म्या टाकलं होतं हे माह्या नावानिशी लिवा, ठळक लिवा, मी मास्तरले वाचून दाखवनार हाये.